मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, फार्मसी: विद्यार्थ्यांना एकत्र शिकवायचं पहिलं सत्र कसं घ्यावं

तुमच्या आवारात मेडिकल कॉलेज आहे, शेजारी नर्सिंग आहे, पलीकडच्या इमारतीत फिजिओथेरपी आणि कदाचित फार्मसीही. सगळीकडचे विद्यार्थी एकाच रुग्णालयात, एकाच खाटेभोवती वावरतात. पण सगळं शिक्षण संपेपर्यंत एका रुग्णाबद्दल एकत्र बसून बोलायची वेळ त्यांच्यावर येत नाही. मग पदवी हातात पडते आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी टीम म्हणून काम करावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

मी नर्सिंग शिकवते. गेली काही वर्षं वेगवेगळ्या शाखांतल्या सहकाऱ्यांबरोबर अशी एकत्र सत्रं घेते आहे. एखाद्या दिवशी वरून निरोप येतो, ‘आपल्याकडे इंटरप्रोफेशनल एज्युकेशन सुरू करायचंय, तुम्ही बघा.’ ज्यांना असा निरोप आला आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कॉलेजांत या प्रकाराला आयपीई म्हणतात, मीही तेच म्हणेन.

थोडी पार्श्वभूमी, कारण प्राचार्यांसमोर ती सांगावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ साली या विषयावर अहवाल काढला आणि २०१० मध्ये कृती-आराखडा दिला. स्वीडनमधल्या लिन्शॉपिंग इथे १९८६ पासून आरोग्यशाखांचे विद्यार्थी अभ्यासाचा काही भाग एकत्र करतात. १९९६ मध्ये तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांच्या मिश्र गटांनी चालवायचा वॉर्डही सुरू झाला. आपल्याकडे २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यातली एक आरोग्यसेवेच्या टीमचा सदस्य आणि नेता ही आहे. मणिपालला या विषयात शिक्षकांना तयार करणारा फेलोशिप कार्यक्रम चालतो. म्हणजे हे एखाद्या उत्साही विभागाचं खूळ नाही, एवढं ठामपणे सांगता येतं.

सर्वांत जास्त वापरली जाणारी व्याख्या ब्रिटनमधल्या ‘केप’ या संस्थेची आहे. दोन किंवा अधिक व्यवसायांचे लोक एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात आणि त्यातून सहकार्य व रुग्णसेवा सुधारते, ते आयपीई. आपल्याकडे बहुतेक वेळा यातला पहिलाच भाग होतो. दोनशे मुलांना एका सभागृहात बसवून ‘हॅन्ड हायजीन’वर व्याख्यान दिलं की फोटोत चार रंगांचे गणवेश दिसतात, अहवाल तयार होतो, पण कोणी कोणाकडून काही शिकलेलं नसतं. सीपीआरच्या एकत्र कार्यशाळेचंही तेच. प्रत्येक जण आपापल्या पुतळ्यावर छाती दाबून घरी गेला, तर ते उत्तम प्रशिक्षण झालं, आयपीई झालं नाही.

तुमचं सत्र आयपीई आहे का, हे मी एकाच प्रश्नावर ठरवते: दिलेलं काम एकाच शाखेचे विद्यार्थी पूर्ण करू शकतात का? करू शकत असतील तर काम बदला. खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवतीच आहेत.

१. विषय ठरवू नका, रुग्ण ठरवा

पहिल्या बैठकीत हमखास ‘मधुमेह घेऊ’, ‘क्षयरोग घेऊ’ असं सुरू होतं. विषय घेतला की प्रत्येक शाखा आपापला धडा म्हणून दाखवते. त्याऐवजी एक माणूस घ्या आणि त्याच्या आयुष्यातला एक ठरावीक दिवस घ्या. माझ्या मते शिकवायला सर्वांत चांगला दिवस डिस्चार्जचा. त्या दिवशी सगळ्यांचं काम एकाच कागदावर येऊन पडतं, आणि चूक झाली तर ती घरी गेल्यावर कळते.

आम्ही वापरतो ती रचलेली केस सांगते, हवी तर जशीच्या तशी घ्या. बीड जिल्ह्यातला ४६ वर्षांचा ऊसतोड कामगार. पायाच्या तळव्याला जखम, साखर खूप वाढलेली, दाखल झाल्यावर मधुमेह असल्याचं पहिल्यांदाच कळलं. जखम आता बरी होते आहे, इन्सुलिन सुरू केलं आहे, उद्या घरी सोडायचं. गाळप हंगाम तोंडावर आला आहे. नवरा-बायकोच्या कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीच्या नावावर, मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. महिनाभरात दोघं कारखान्याच्या भागात जाऊन कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणार.

आता बघा काय होतं. इन्सुलिनचा डोस डॉक्टर ठरवेल. पण इंजेक्शन बायको देणार आहे आणि तिला आकडे वाचता येत नाहीत, हे तिच्याशी बोलणाऱ्या सिस्टरलाच माहीत असतं. कोपीत फ्रिज नाही, मग बाटली कुठे ठेवायची? मातीच्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूत, सावलीत. आणि सुरू केलेली बाटली साधारण चार आठवड्यांनंतर वापरायची नाही. हे फार्मासिस्टने सांगायचं. पायावर भार द्यायचा नाही हे फिजिओ सांगेल, एमसीआर चप्पल (मऊ रबराच्या तळाची) सुचवेल, पण फडात उभं राहिल्याशिवाय उचल फिटत नाही, हे समाजसेवा अधीक्षकाने मांडल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार? आहारतज्ज्ञ दिवसातून थोडं थोडं खा म्हणेल. हा माणूस पहाटे अंधारात फडात जातो. इन्सुलिन घेतलं आणि भाकरी दुपारी खाल्ली, तर तो फडातच चक्कर येऊन पडेल. हे सगळे धागे हाती आल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड नीट लिहिताच येत नाही.

याच केसमध्ये इन्सुलिनच्या सिरिंजचा मुद्दा मुद्दाम ठेवा, कारण तो आपल्या देशात रोजचा आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतांश ४० युनिट प्रति मिली असतात, पेनची काडतुसं १०० युनिटची. ४० साठीच्या सिरिंजचं टोपण लाल, १०० साठीच्या सिरिंजचं नारिंगी. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने ‘२०’ च्या रेषेपर्यंत औषध भरलं, तर प्रत्यक्षात ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट जातात. उलट १०० च्या काडतुसातून ४० च्या सिरिंजने ‘२०’ पर्यंत ओढलं, तर ५० युनिट. पहिल्या चुकीने जखम चिघळते, दुसरीने जीव जाऊ शकतो. हे गणित कागदावर सगळ्यांनाच येतं. पण दुकानदाराने ‘लाल नाही, नारिंगी घ्या, तेच आहे’ म्हटलं तर बायकोने काय करायचं, याचं उत्तर गटाला मिळून शोधावं लागतं.

तुमचा भाग वेगळा असेल तर केस बदला. कोकणात पक्षाघात झालेली, वाडीवर एकटी राहणारी म्हातारी घ्या. शस्त्रक्रिया विभागाबरोबर काम करत असाल, तर जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी घ्या. त्यातल्या तीन थांब्यांवर भूलतज्ज्ञ, सर्जन आणि नर्सला एकमेकांशी मोठ्याने बोलावंच लागतं.

२. शिक्षकांची छोटी टीम बांधा

प्रत्येक शाखेतून एक माणूस घ्या. पद बघू नका, वॉर्डात रोज जाणारा आणि विद्यार्थ्यांना नावाने ओळखणारा बघा. चार-पाच जण पुरेत.

टीमचं निमंत्रकपद आपोआप मेडिकलकडे जाऊ देऊ नका. हे मी नर्सिंगची आहे म्हणून म्हणत नाही. विद्यार्थी शिक्षकांकडे बघून शिकतात. पाच शिक्षकांच्या बैठकीत एकच जण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात, असं दृश्य असेल तर गटातही तेच उतरतं. निमंत्रकपद दर सत्राला फिरतं ठेवा आणि ते परिपत्रकात लिहून घ्या.

परवानगीचं काम इथेच उरका. फाइलमध्ये एवढं हवं:

- सर्व संस्थाप्रमुखांच्या सहीचं एकच संयुक्त परिपत्रक (वेगवेगळी पत्रं निघाली की तारखा जुळत नाहीत)
- सत्राची उद्दिष्टं, जास्तीत जास्त चार, सगळ्यांना समान
- प्रत्येक शाखेच्या अभ्यासक्रमातलं कोणतं कलम या सत्राने पूर्ण होतं त्याचा तक्ता
- हजेरी कोणत्या विषयात धरायची याबद्दलची लेखी मान्यता
- वॉर्डात जाणार असाल तर वैद्यकीय अधीक्षक आणि मेट्रन यांची परवानगी, तसंच रुग्णाच्या संमतीचा मराठी नमुना
- माहिती गोळा करून पुढे लेख लिहायचा विचार असेल तर इथिक्स कमिटीची मंजुरी

शेवटच्या ओळीबद्दल जरा जास्त सांगते. खूप जण आधी सत्र घेतात, प्रश्नावल्या भरून घेतात आणि ‘पेपर’ करायचं नंतर ठरवतात. मागाहून मंजुरी मिळत नाही. शंका असेल तर आधीच अर्ज करा.

तक्त्याचं काम कंटाळवाणं आहे, पण सत्र पुढच्या वर्षी टिकणार की नाही ते त्यावरच ठरतं. अभ्यासक्रमातली जागा दाखवता आली नाही, तर पहिल्याच परीक्षेच्या हंगामात सत्र रद्द होतं. एमबीबीएससाठी ‘एटकॉम’, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवादाचे तास, ही सर्वांत सोपी जागा. विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबं नेमून देणारा कुटुंब दत्तक कार्यक्रमही या कामी चालतो. नर्सिंगला सामुदायिक आरोग्य आणि वॉर्डातली पोस्टिंग आहेत. फार्मसीच्या बाबतीत एक गोष्ट आधीच समजून घ्या: महाराष्ट्रात मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद, दंत हे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, फार्मसी सहसा दुसऱ्या विद्यापीठाखाली. त्यामुळे त्यांचं सत्र, परीक्षा आणि सुट्ट्या वेगळ्या असतात. अभिमत विद्यापीठात ही अडचण कमी. आवारात फार्मसी कॉलेजच नसेल तर रुग्णालयातल्या औषध भांडाराच्या फार्मासिस्टना बोलवा. त्यांना वॉर्डातल्या चुका कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतात आणि त्यांना असं कोणी कधी बोलावलेलं नसतं.

३. वेळापत्रक आणि गट

बहुतेक प्रयत्न इथेच बुडतात. मेडिकलचं वर्ष टप्प्यांत, नर्सिंगचं सेमिस्टरमध्ये, फिजिओचं आणखी तिसरंच. सकाळी मेडिकलच्या मुलांची क्लिनिकल पोस्टिंग असते, त्याच वेळी नर्सिंगच्या मुली वॉर्डात ड्युटीवर. सगळ्यांना मोकळा असा तास शोधत बसलात तर तो कधीच सापडणार नाही.

दोन मार्ग चालतात. पहिला: संपूर्ण वर्गाचा नाद सोडा आणि त्या पंधरवड्यात एकाच विभागात पोस्टिंगला असलेल्या सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना घ्या. ती मुलं आधीपासूनच त्याच मजल्यावर असतात. पुढच्या पंधरवड्यात पुढची तुकडी. दुसरा: इंटर्न घ्या. त्यांच्याकडे व्याख्यानांची अडचण नाही, आणि चूक केली तर काय होतं याची धास्ती त्यांना नुकतीच बसलेली असते. मला विचाराल तर सुरुवात इंटर्नपासून करा.

पातळी जुळवा. पहिल्या वर्षाच्या मेडिकलच्या मुलाला शेवटच्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुलीबरोबर बसवलं, तर त्याच्याकडे द्यायला काही नसतं आणि तो गप्प राहतो किंवा उगाच बोलतो. सर्वांनी किमान काही महिने वॉर्ड बघितलेला असावा.

गट सात जणांचा: मेडिकल दोन, नर्सिंग दोन, फिजिओ एक, फार्मसी एक, आणि समाजकार्य किंवा आहारशास्त्राचा एक. आयुर्वेदाचे विद्यार्थी असतील तर त्यांना नक्की घ्या. महाराष्ट्रात उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुर्वेदाचे आणि नर्सिंगचे पदवीधर मोठ्या संख्येने काम करतात. हा ऊसतोड कामगार गावी परतला की पहिल्यांदा त्यांच्याच दारात जाईल. एका शाखेचे तीनपेक्षा जास्त विद्यार्थी एका गटात नकोत, नाहीतर ते आपसांत बोलू लागतात.

४. गटासोबत बसणाऱ्या शिक्षकांची तयारी

प्रत्येक गटाला एक फॅसिलिटेटर. त्यांना आधी एक दुपार एकत्र बसवा आणि केस त्यांच्याकडूनच सोडवून घ्या. हे टाळू नका. आपण शिक्षकही एकमेकांची कामं फारशी ओळखत नाही, हे त्या दुपारी लक्षात येतं. विद्यार्थ्यांसमोर येण्यापेक्षा तिथेच आलेलं बरं.

फॅसिलिटेटरने उत्तर द्यायचं नाही. आपल्याकडच्या शिक्षकाला हे फार जड जातं. मुलं डोस चुकवत आहेत आणि सरांनी गप्प बसायचं! गप्प बसायचं नसेल तर प्रश्न विचारा: ‘हे अजून कोणाला माहीत असेल?’, ‘बायकोला हे सांगितल्यावर ती काय विचारेल?’, ‘तुम्ही बोलायला सुरुवात केली होती, पूर्ण करा.’ हा तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी. मध्येच तोडली गेलेली मुलगी परत आपणहून बोलत नाही.

भाषेकडे लक्ष द्या. आमच्या नर्सिंगच्या बऱ्याच मुली मराठी माध्यमातून आलेल्या. चर्चा इंग्रजीत सुरू झाली की त्या पाच मिनिटांत मिटून जातात आणि बाकीच्यांना वाटतं, यांना काही येत नाही. म्हणून पहिलाच नियम ठेवा: चर्चा मराठीत, हवं तर हिंदीत, औषधांची नावं जशी आहेत तशी. रुग्णाशी शेवटी मराठीतच बोलायचं आहे. परराज्यातून आलेला मेडिकलचा विद्यार्थी गटात असेल तर त्याला समजावून सांगायचं काम गटाकडे द्या. तो मराठी शिकतो, आणि एरवी ऐकून घेणाऱ्या मुलींना काहीतरी शिकवायची संधी मिळते.

कपड्यांकडेही. पहिल्या सत्राला सगळ्यांना साध्या कपड्यांत यायला सांगा. पांढरा एप्रन आणि नर्सिंगचा गणवेश समोरासमोर बसले की कोण कोणाला विचारणार हे न बोलताच ठरून जातं. छातीवरच्या कागदावर फक्त नाव लिहा, शाखा नको. शाखा ओळखीच्या वेळी तोंडी सांगायची. ‘सिस्टर’, ‘डॉक्टर’ ऐवजी नावाने हाक मारायला सुरुवातीला अवघड वाटतं, तासाभरात जमतं.

५. सत्र: अडीच तासांचा आराखडा

पहिली १५ मिनिटं ओळख. नाव, गाव, आणि घरातलं कोणी आजारी असताना रुग्णालयातल्या कोणत्या माणसाची सर्वांत जास्त मदत झाली ते सांगायचं. उत्तरांत वॉर्डातले मामा, मावशी (मदतनीस), लॅबमधले कोणीतरी येतात. गट एकदम सैलावतो.

पुढची २५ मिनिटं भूमिकांसाठी. प्रत्येकाने आपली सोडून बाकीच्या शाखांबद्दल दोन दोन वाक्यं लिहायची: ‘हे लोक काय करतात’ आणि ‘यांच्याकडून मला काय हवं असतं’. मग त्या त्या शाखेच्या विद्यार्थ्याने उत्तर द्यायचं. फिजिओ म्हणजे मसाज, फार्मासिस्ट म्हणजे दुकान, नर्स म्हणजे सलाइन, असं लिहून येतं. येऊ द्या. रागवू नका, हसून सोडूनही देऊ नका. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला शांतपणे बोलू द्या. श्वास लागलेल्या रुग्णाची छाती मोकळी करायला फिजिओ काय करतो, हे सांगायला आमच्या एका विद्यार्थिनीला दोन मिनिटं पुरली. त्या वॉर्डात त्यानंतर फिजिओकडे जाणाऱ्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘चेस्ट फिजिओ’ न लिहिता कारणही लिहिलं जाऊ लागलं.

मग तासभर केस. इथे एक युक्ती आहे, आणि सगळं सत्र तिच्यावर उभं आहे: माहिती वाटून द्या. सर्वांना एकच कागद देऊ नका. प्रत्येक शाखेला तिच्या कामातून खरोखर कळणाऱ्या गोष्टींचाच कागद द्या. मेडिकलच्या कागदावर तपासण्या आणि औषधं. नर्सिंगच्या कागदावर बायकोशी झालेलं बोलणं. फार्मसीच्या कागदावर कोणती बाटली आणि कोणती सिरिंज दिली गेली, आणि ती जुळत नाहीत. फिजिओच्या कागदावर १० ग्रॅम मोनोफिलामेंटच्या (स्पर्श कळतो का ते बघायच्या नायलॉनच्या धाग्याच्या) तपासणीत पायाला संवेदना नसल्याची नोंद. समाजकार्याच्या कागदावर उचल, हंगामाची तारीख आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राशी झालेलं बोलणं. कागद एकमेकांना दाखवायचे नाहीत, तोंडी सांगायचं. शेवटी गटाने एकच मराठी डिस्चार्ज कार्ड लिहायचं, एका पानात, बायकोला वाचून दाखवता येईल असं. ती वाचू शकत नाही, म्हणून चित्रंही काढायची.

मेडिकलचा एखादा हुशार विद्यार्थी पेन हातात घेऊन दहा मिनिटांत कार्ड पूर्ण करेल. थांबवू नका. त्याच्या कार्डात सिरिंजची गफलत तशीच राहिलेली असते. ती पुढच्या टप्प्यात वर येते.

त्यानंतर २० मिनिटं वळण. फॅसिलिटेटर नवीन चिठ्ठी देतो: ‘मुकादमाचा फोन आला. गाडी परवा निघते आहे.’ महिन्याची मुदत गेली. कार्ड परत लिहा. ड्रेसिंग कोण करणार, कारखान्याजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, तिथे चिठ्ठी कोणाच्या नावे द्यायची, इन्सुलिन किती दिवसांचं द्यायचं. इथे गट खऱ्या अर्थाने एक होतो, कारण आता पाठ केलेलं उत्तर कोणाकडेच नसतं.

शेवटची ३० मिनिटं मागे वळून बघण्यासाठी. ही कापू नका, वेळ कमी पडला तर केसमधली कापा. विचारायचं एवढंच: कोणत्या क्षणी तुम्हाला काहीतरी माहीत होतं, पण तुम्ही बोलला नाहीत? का? एकाने तोंड उघडलं की बाकीचे बोलतात. आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा बऱ्याचदा उत्तर येतं, ‘मला वाटलं त्यांना माहीतच असेल.’

सामानाची यादी

- शाखानिहाय माहितीचे कागद, वेगवेगळ्या रंगांत
- कोरी डिस्चार्ज कार्डं, प्रत्येक गटाला दोन
- लाल आणि नारिंगी टोपणाच्या सिरिंज (सुया काढून), रिकामी बाटली, रंगीत पाणी
- मोनोफिलामेंट, जमल्यास एमसीआर चपलेचा नमुना
- नावांचे कागद, मार्कर, मोठे तक्ते
- गटांना एकमेकांचा आवाज येणार नाही इतकी जागा. वर्तुळात खुर्च्या मांडता आल्या पाहिजेत, पायऱ्यांचं व्याख्यानगृह नको
- चहा. मध्यंतरात नव्हे, सुरुवातीला

६. फोनवर बोलायचा सराव

दुसऱ्या सत्रासाठी हा भाग ठेवा. रात्री दोन वाजता नर्सने निवासी डॉक्टरला फोन करायचा आहे. यासाठी ‘एसबीएआर’ ही चार टप्प्यांची पद्धत वापरतात. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. आत्ता काय झालंय, आधीचं काय होतं, मला काय वाटतं, आणि तुमच्याकडून काय हवंय.

नर्सिंगच्या विद्यार्थिनी पहिले दोन टप्पे छान करतात आणि तिसऱ्यावर अडखळतात. ‘मला काय वाटतं’ हे वर सांगायचं नसतं, असं त्यांना पहिल्या वर्षापासून शिकवलं गेलं आहे, बोलून नव्हे, वागण्यातून. म्हणून भूमिका बदलून सराव घ्या: मेडिकलचा विद्यार्थी नर्स होतो आणि फोन करतो, नर्सिंगची विद्यार्थिनी झोपेतून उठलेली निवासी डॉक्टर. फोन ठेवल्यावर दोघांना विचारा, कोणतं वाक्य ऐकून तुम्ही उठून निघाला असता. ते वाक्य जवळजवळ नेहमी तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यातलं असतं.

७. वर्गातून बाहेर

दोन सत्रं नीट झाली की त्याच गटाला खऱ्या रुग्णाकडे न्या. रुग्णाची संमती आधी, आणि राउंडच्या वेळी नाही. गटातल्या एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सात जण एका खाटेभोवती उभे राहिले की माणूस घाबरतो, म्हणून खाटेजवळ तिघंच.

गावात जायची सोय असेल तर ती सोडू नका. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जी १९६९ पासून चालू आहे, एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. आता कुटुंब दत्तक कार्यक्रमामुळे सगळ्याच मेडिकल कॉलेजांना गावाकडे जावं लागतं. नर्सिंगची सामुदायिक पोस्टिंगही बहुतेक वेळा जवळपासच असते. दोघांच्या गाड्या वेगवेगळ्या दिवशी निघतात, एवढाच प्रश्न. गाडी एकच करा. घरी गेल्यावर मेडिकलचा विद्यार्थी रक्तदाब मोजतो तोवर नर्सिंगची विद्यार्थिनी चुलीपाशी जाऊन मीठ किती पडतं ते बघून येते. परतीच्या प्रवासात दोघांच्या वह्या एकमेकांना वाचायला द्या. आशाताईंना सोबत घ्या. त्या घराबद्दल त्यांना जे माहीत असतं ते कोणत्याही केस पेपरवर नसतं.

८. मूल्यमापन

गुण द्यायचे तर सगळ्या शाखांना द्या, नाहीतर कोणालाच नको. एका शाखेला अंतर्गत गुण आणि दुसरीला फक्त हजेरी, असं झालं की दुसरी शाखा पुढच्या वेळी येत नाही, आणि तिचं बरोबर असतं.

गुण गटाच्या डिस्चार्ज कार्डाला द्या. तपासायला दोन वेगवेगळ्या शाखांचे शिक्षक हवेत. सोबत प्रत्येकाकडून अर्धं पान लिहून घ्या: आज मला कोणाकडून काय कळलं, आणि उद्या वॉर्डात मी कोणाला काय विचारेन. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात माणूस आणि काम या दोन्हींचा उल्लेख असेल तर सत्र पोहोचलं. ‘टीमवर्क महत्त्वाचं आहे’ एवढंच असेल तर नाही.

अनेक जण ‘रिपल्स’ ही १९९९ मध्ये लिव्हरपूलला तयार झालेली १९ विधानांची प्रश्नावली आधी आणि नंतर भरून घेतात. वापरायला हरकत नाही, पण ती एकत्र शिकण्याची तयारी आणि कल मोजते, वागणूक नाही. शिवाय आपली मुलं शिक्षकांना आवडेल तेच लिहितात, त्यामुळे सुरुवातीलाच आकडे इतके वर असतात की पुढे वाढायला जागा उरत नाही. मराठीत वापरणार असाल तर घाईघाईने भाषांतर करून वाटू नका. आधी थोड्या मुलांना वाचायला देऊन त्यांना काय समजलं ते विचारा.

त्यापेक्षा महिन्याभराने वॉर्डात जा आणि सिस्टर-इनचार्जना विचारा, या तुकडीची मुलं वेगळी वागतात का. कोण कोणाला नावाने ओळखतं, इन्सुलिन घरी देताना सिरिंजचं टोपण कोणी बघतं का. हे लिहून ठेवा, पुढच्या परवानगीच्या वेळी प्रश्नावलीच्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

९. सत्र संपल्यावर लगेच

त्याच संध्याकाळी शिक्षकांची अर्ध्या तासाची बैठक. केसमधला कोणता कागद कोणीच वापरला नाही ते बघा आणि बदला. कोणत्या शाखेला बोलायला काहीच नव्हतं? दोष त्या विद्यार्थ्याचा नसतो, केस लिहिताना ती शाखा विसरली गेली असते. फार्मसी आणि आहारशास्त्राच्या बाबतीत हे सर्वांत जास्त घडतं.

गटांनी केलेली चांगली डिस्चार्ज कार्डं विभागप्रमुख आणि मेट्रन यांना दाखवा. चित्रांचं कार्ड खरोखर वॉर्डात लावता येतं, फक्त औषधांचा मजकूर फार्मासिस्ट आणि डॉक्टर दोघांकडून तपासून घ्या. विद्यार्थ्यांना त्यांचं काम खाटेशेजारी लागलेलं दिसलं की पुढच्या तुकडीसाठी फॅसिलिटेटर म्हणून तेच पुढे येतात. अशा दोघा-तिघांची नावं त्याच दिवशी लिहून घ्या, आणि पुढच्या सत्राची तारीख त्याच बैठकीत, सगळ्या शाखांची परीक्षा-वेळापत्रकं समोर ठेवून, पक्की करा.